रणांगणात जिंकलेला सेनापती इतिहासाच्या पानांत कोणी हरवला?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि हा ग्रंथ त्यांनी निग्रो गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतील सज्जन माणसांना अर्पण केला. चळवळीतल्या वाचकाला ही गोष्ट नवीन नाही. जयंतीच्या भाषणांतून ती वर्षानुवर्षे सांगितली जाते. पण ती माणसे कोण होती, त्यांनी नेमके काय केले, त्यासाठी किती रक्त सांडले आणि पुढे त्यांचे काय झाले, याची चौकशी आपण फारशी करत नाही. विचारले तर एकच नाव पुढे येते, अब्राहम लिंकन. लिंकन यांची हत्या १८६५ साली झाली होती. पुण्यात जोतीराव ती अर्पणपत्रिका लिहीत होते तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदावर बसलेल्या माणसाने गुलामांच्या मालकांचे सैन्य प्रत्यक्ष रणांगणात मोडून काढले होते. त्यांचे नाव जनरल युलिसिस ग्रँट.

या ग्रँट यांच्याविषयी जगभरच्या वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या काय सांगितले गेले? हा माणूस दारुडा होता. स्वतःच्या सैनिकांना मरणाच्या खाईत लोटणारा कसाई होता. आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून भ्रष्टाचाऱ्यांना पाठीशी घालणारा होता. उलट ज्यांचा त्यांनी पराभव केला ते गुलामगिरीच्या बाजूचे सेनापती रॉबर्ट ली मात्र सभ्य, शूर, थोर पुरुष म्हणून पुतळ्यांवर चढले. जिंकलेला बदनाम आणि हरलेला महापुरुष! असा उलटा न्याय इतिहासात आपोआप होत नाही. तो कोणीतरी करतो आणि कशासाठी तरी करतो. तो कोणी केला, कशासाठी केला, हे समजून घेण्यासाठी ग्रँट यांचे आयुष्य पाहिले पाहिजे.

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या लहान गावी झाला. वडील जेसी ग्रँट यांचा चामडे कमावण्याचा धंदा होता. कातडी भिजत घालणे, खरवडणे, सालीच्या पाण्यात मुरवणे, तो वास, ते रक्त, हे सगळे घराला लागूनच. ग्रँट यांना लहानपणापासून त्या कामाची शिसारी होती. त्यांचा जीव घोड्यांत होता. पुढे हाच चामडेवाल्याचा मुलगा वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयात दाखल झाला, देशाचा सरसेनापती झाला आणि दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्याकडे हेच चामडे कमावणाऱ्या ढोर बांधवाला गावकुसाच्या आत पाय ठेवू दिला जात नव्हता. अमेरिकेत गोऱ्या माणसाने चामड्याला हात लावला तर त्याचा धंदा घाण समजला जाई, पण त्याचा मुलगा घाण ठरत नसे. मात्र त्याच देशात कातडीचा रंग काळा असेल तर माणूसच बाजारात विकला जात होता. प्रत्येक विषम व्यवस्थेची अशी आपली आपली रीत असते.

१८३९ साली वेस्ट पॉइंटला नाव घालताना शिफारस करणाऱ्या खासदाराने नावात घोटाळा केला. हायरम युलिसिस ग्रँट या मुलाचे नाव युलिसिस एस. ग्रँट असे लिहिले गेले आणि तेच आयुष्यभर टिकले. १८४३ साली ३९ जणांच्या वर्गात एकविसावा क्रमांक मिळवून ते बाहेर पडले. १८४६ ते १८४८ या काळात मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात ते लढले. हे युद्ध बलाढ्याने दुबळ्यावर लादलेले अन्यायी युद्ध होते, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट नोंदवले. स्वतः लढलेल्या युद्धाविषयी असे लिहिणारे सेनाधिकारी थोडेच सापडतात. १८४८ साली त्यांचे लग्न ज्युलिया डेंट यांच्याशी झाले. सासरे मिसुरीतले जमीनदार आणि गुलामांचे मालक. ग्रँट यांचे आईवडील गुलामगिरीच्या विरोधातले होते, ते या लग्नाला गेले नाहीत.

१८५४ साली ग्रँट यांनी सैन्यातून राजीनामा दिला. कॅलिफोर्नियातल्या एकाकी छावणीत बायकामुलांपासून दूर असताना ते पिऊ लागले होते, आणि त्या दिवसांतली बदनामी त्यांच्या पाठीशी कायमची लागली. पुढची सहा-सात वर्षे हलाखीची होती. सासऱ्यांच्या दिलेल्या जमिनीवर त्यांनी शेती केली, स्वतःच्या हाताने लाकडी घर बांधले आणि सेंट लुईस शहराच्या रस्त्यांवर जळाऊ लाकडे विकली. १८५७ च्या नाताळात त्यांनी सोन्याचे घड्याळ गहाण टाकले.

याच हलाखीत घडलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. ग्रँट यांच्या मालकीचा एक गुलाम होता, विल्यम जोन्स. तो त्यांना सासऱ्यांकडून मिळाला होता. त्या काळच्या भावाने तो विकला असता तर शेकडो डॉलर हाती आले असते आणि घरातली सगळी ओढाताण एका दिवसात मिटली असती. मार्च १८५९ मध्ये ग्रँट सेंट लुईसच्या न्यायालयात गेले आणि त्यांनी विल्यम जोन्स यांना मुक्त केल्याचे कागद करून दिले. एक पैसाही घेतला नाही. याचा अर्थ ग्रँट तेव्हा गुलामगिरीविरोधी क्रांतिकारक होते असा नाही. सासरच्या शेतावर गुलाम राबतच होते आणि ग्रँट यांनी त्याविरुद्ध बंड केले नव्हते. पण दारिद्र्यात माणसाची परीक्षा होते. तेव्हा त्यांनी माणूस विकला नाही. १८६० साली ते इलिनॉयमधल्या गलीना गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात नोकरीला लागले. वय अडतीस, खिसा रिकामा. एका वर्षात हाच माणूस फौजेचा अधिकारी होणार आहे असे कोणी सांगितले असते तर गावाने हसण्यावारी नेले असते.

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. हे युद्ध कशासाठी झाले, याबद्दल आजही गोड गोड बोलले जाते. राज्यांचे हक्क, दक्षिणेची संस्कृती, जकातीचे दर वगैरे. पण बाहेर पडलेल्या राज्यांनी आपली जी घोषणापत्रे काढली ती वाचली की शंका उरत नाही. मिसिसिपी राज्याने आपले सगळे हितसंबंध गुलामगिरीशी बांधलेले आहेत हे स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. १८६० च्या जनगणनेनुसार त्या देशात जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलाम होती. त्यांच्या घामावर कापसाची बाजारपेठ उभी होती. ती मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून अकरा राज्ये संघराज्यातून फुटली. दोन्ही बाजूंचे बहुतेक मोठे सेनापती एकाच वेस्ट पॉइंटमध्ये शिकलेले, एकाच ताटात जेवलेले. देश फुटला तेव्हा प्रत्येकाला बाजू निवडावी लागली. रॉबर्ट ली यांना संघराज्याच्या सैन्याचे नेतृत्व देऊ केले होते. त्यांनी ते नाकारले आणि ते गुलाम ठेवणाऱ्यांच्या बाजूने गेले. ज्या संविधानाची शपथ घेतली त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलणे याला कोणत्या भाषेत थोरपण म्हणतात?

ग्रँट जून १८६१ मध्ये इलिनॉयच्या एकविसाव्या रेजिमेंटचे कर्नल झाले आणि ऑगस्टमध्ये ब्रिगेडियर जनरल. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्यांनी टेनेसीतला फोर्ट डोनल्सन घेतला. समोरचा सेनापती बकनर जुना स्नेही होता, ग्रँट यांच्या अडचणीच्या काळात त्याने त्यांना मदत केली होती. तरीही ग्रँट यांनी बिनशर्त शरणागतीच मागितली. एप्रिलमध्ये शायलो येथे दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पहिल्या दिवशी ग्रँट गाफील सापडले होते, दुसऱ्या दिवशी त्यांनी हरत आलेली लढाई फिरवली. ४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग शरण आले, मिसिसिपी नदी मोकळी झाली आणि बंडखोर राज्यांचे दोन तुकडे झाले. मार्च १८६४ मध्ये लिंकन यांनी त्यांना लेफ्टनंट जनरल करून सगळ्या सैन्याचे सेनापतिपद दिले.

लढायांच्या या जंत्रीत जी गोष्ट सहसा गाळली जाते ती आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. ग्रँट यांची फौज दक्षिणेत शिरली तशी मळ्यांवरून पळालेली हजारो काळी माणसे, बायका-पोरांसह, छावणीच्या आश्रयाला येऊ लागली. ग्रँट यांनी नोव्हेंबर १८६२ मध्ये जॉन ईटन या लष्करी धर्मोपदेशकावर त्यांची जबाबदारी टाकली. सोडून दिलेल्या मळ्यांवरचा कापूस त्यांच्याकडून वेचून घ्यायचा, पण मजुरी देऊन, आणि राहण्याखाण्याची सोय करायची, अशी व्यवस्था सुरू झाली. राबणाऱ्याला मजुरी देणे ही त्या मातीत नवी गोष्ट होती. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला आणि काळ्यांच्या पलटणी उभ्या राहू लागल्या. अनेक गोरे अधिकारी नाके मुरडत होते. ग्रँट यांनी लिंकन यांना पत्राने कळवले की या धोरणाला आपला मनापासून पाठिंबा आहे, कारण काळ्यांच्या हाती शस्त्र देणे हा शत्रूवरचा आजवरचा सर्वांत जबर घाव आहे. जून १८६३ मध्ये व्हिक्सबर्गजवळ मिलिकेन्स बेंड येथे, काही दिवसांपूर्वीच बंदूक हाती घेतलेले हे सैनिक संगिनींनी भिडले. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक संघराज्याच्या सैन्यात होते. अंगावर गणवेश आणि हातात बंदूक आली की पिचलेला माणूस कसा ताठ उभा राहतो, हे सुभेदार रामजींच्या मुलाला नेता मानणाऱ्या समाजाला सांगण्याची गरज नाही.

समोरच्या बाजूचा एक सेनापतीही ओळखून घ्या. नेथन बेडफोर्ड फॉरेस्ट. हा मेम्फिसमधला गुलामांचा व्यापारी, माणसे विकून श्रीमंत झालेला. १२ एप्रिल १८६४ रोजी त्याच्या फौजेने फोर्ट पिलो घेतला आणि शस्त्रे टाकून शरण आलेल्या काळ्या सैनिकांची कत्तल केली. गोरा कैदी म्हणजे युद्धकैदी आणि काळा कैदी म्हणजे पळालेली मालमत्ता, हा दक्षिणेचा कायदा होता. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ली यांनी ग्रँट यांच्यापुढे कैद्यांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला. ग्रँट यांनी विचारले, यात काळे सैनिकही धरणार ना? ली यांनी कळवले की जे आमच्या नागरिकांचे गुलाम आहेत ते धरणार नाही. ग्रँट यांनी अदलाबदल नाकारली. यात लष्करी हिशेबही होता, सुटलेले दक्षिणी सैनिक पुन्हा लढायला उभे राहिले असते. पण किंमत मोठी होती. अँडरसनव्हिलच्या तुरुंगतळावर संघराज्याचे सुमारे तेरा हजार कैदी उपासमारीने आणि रोगाने मेले. गोऱ्या मातांचे शिव्याशाप ग्रँट यांनी घेतले, पण आपल्या गणवेशातला सैनिक रंगावरून वेगळा काढू दिला नाही.

१८६४ चा उन्हाळा भयंकर होता. मे आणि जून या दोन महिन्यांच्या मोहिमेत ग्रँट यांचे पन्नास हजारांहून अधिक सैनिक मारले गेले, जायबंदी झाले किंवा पकडले गेले. कोल्ड हार्बर येथला ३ जूनचा हल्ला निष्फळ ठरला. त्या हल्ल्याचा आपल्याला कायम पश्चात्ताप वाटत आला, असे ग्रँट यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘कसाई’ ही शिवी इथून निघाली. मात्र सैन्याच्या आकाराशी ताडून पाहिले तर ली यांच्या फौजेची हानी कमी नव्हती. मग कसाई एकटे ग्रँट कसे? आधीचे सेनापती एक लढाई करून माघारी जात. ग्रँट माघारी गेले नाहीत, हा त्यांचा खरा अपराध. चार वर्षांत साऱ्या देशात सहा-सात लाख माणसे मेली. गुलामगिरी कोणी खुशीने सोडली नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या अपोमॅटॉक्स या खेड्यात ली शरण आले. ग्रँट चिखलाने माखलेल्या साध्या सैनिकी कोटात गेले होते. त्यांनी अटी उदार घातल्या. सैनिकांनी शस्त्रे टाकून घरी जावे, घोडे शेतीला घेऊन जावेत. उपाशी शत्रुसैन्याला पंचवीस हजार माणसांचा शिधा पाठवला. पुढे ली यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरायचे ठरले तेव्हा दिलेला शब्द मोडला तर आपण राजीनामा देऊ, असे ग्रँट यांनी बजावले. त्या दिवशी शरणागतीच्या कराराची पक्की प्रत ज्यांनी लिहिली त्यांचे नाव होते ईली पार्कर. ते सेनेका या मूळनिवासी जमातीचे. कायद्याचा अभ्यास करूनही, नागरिक नाही म्हणून त्यांना वकिली करू दिली नव्हती. ते इंजिनिअर झाले, ग्रँट यांच्या कचेरीत अधिकारी झाले. ज्या देशाने त्यांना नागरिक मानले नाही, त्या देशाच्या ऐक्याचा दस्तऐवज त्यांच्या अक्षरात लिहिला गेला.

युद्ध संपले. खरी लढाई इथून सुरू झाली. लिंकन यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना मोकळे रान दिले. दक्षिणेतल्या राज्यांनी असे कायदे केले की मुक्त झालेला माणूस नोकरी नसेल तर भटका म्हणून पकडावा आणि पुन्हा मळ्यावर जुंपावा. सुरुवातीला ग्रँटही भुलले. १८६५ च्या अखेरीस दक्षिणेचा धावता दौरा करून त्यांनी नरमाईचा अहवाल दिला. पण १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिसला आणि जुलैमध्ये न्यू ऑर्लिन्सला काळ्यांची कत्तल झाली आणि त्यांचे डोळे उघडले. मनाने न हरलेल्या शत्रूवर उदारतेचा परिणाम होत नाही, हे त्यांना कळले. १८६८ साली ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्या विजयात नव्याने मत मिळालेल्या लाखो काळ्या मतदारांचा वाटा होता.

१८७० साली पंधरावी घटनादुरुस्ती झाली. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून मत नाकारता येणार नाही, असे संविधानात लिहिले गेले. मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स सिनेटमध्ये गेले, दक्षिण कॅरोलायनातून जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात गेले. त्या काळात सुमारे दोन हजार काळी माणसे लहानमोठ्या सार्वजनिक पदांवर बसली. मालकांच्या पोटात गोळा उठला. कू क्लक्स क्लॅन ही बुरखेधारी टोळी रात्री फिरू लागली. तिचा म्होरक्या कोण, तर तोच फोर्ट पिलोचा फॉरेस्ट. मत टाकणाऱ्याला फटके, शाळा काढणाऱ्याचे घर पेटवणे, पुढारी असेल तर झाडाला टांगणे. ग्रँट यांच्या कारकिर्दीत १८७० साली न्याय खाते स्थापन झाले, एप्रिल १८७१ मध्ये क्लॅनविरोधी कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ जिल्ह्यांत देहोपस्थितीचा हक्क तहकूब केला आणि सैन्य घातले. शेकडो जण पकडले गेले, काळ्या ज्यूरींपुढे खटले चालले. १८७२ च्या सुमारास क्लॅनचे कंबरडे मोडले होते. सरकारला मनापासून वाटले तर अत्याचार थांबवता येतो, हे त्या दोन वर्षांनी सिद्ध केले. अत्याचार थांबत नाही तेव्हा कायदा कमी पडलेला नसतो, इच्छा कमी पडलेली असते.

इथे जनरल जेम्स लॉंगस्ट्रीट यांची आठवण केली पाहिजे. वेस्ट पॉइंटपासून ग्रँट यांचे मित्र, त्यांच्या लग्नाला हजर असलेले, युद्धात मात्र ली यांचा उजवा हात. हरल्यानंतर त्यांनी पराभव मान्य केला, रिपब्लिकन पक्षात गेले, काळ्यांच्या मताधिकाराला संमती दिली. १८७४ साली न्यू ऑर्लिन्समध्ये व्हाइट लीगच्या हजारो सशस्त्र लोकांनी निवडून आलेले सरकार उलथायला हल्ला केला, तेव्हा काळ्या-गोऱ्या पोलिसांचे आणि स्वयंसेवक दलाचे नेतृत्व हा माजी दक्षिणी सेनापती करत होता. ते पकडले गेले. त्यानंतर दक्षिणेच्या लेखकांनी काय केले? गेटिसबर्गच्या पराभवाचे सगळे खापर लॉंगस्ट्रीट यांच्या डोक्यावर फोडले. ली यांना निष्कलंक ठेवायला एक गुन्हेगार हवा होता आणि समतेच्या बाजूला गेलेला माणूस त्याला फारच सोयीचा होता.

ग्रँट यांच्या हातूनही शेवटी दोर सुटला. एप्रिल १८७३ मध्ये लुईझियानातल्या कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या टोळीने डझनांवारी काळ्या नागरिकांना ठार केले. बहुतेकांना शरण आल्यावर मारले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७६ साली न्यायालयाने आरोपींना सोडले. खासगी माणसांनी केलेल्या अत्याचारात केंद्र सरकारला पडता येत नाही, असा अर्थ लावला. १८७३ सालीच मंदी आली, उत्तरेतला मतदार दक्षिणेच्या रोजच्या भानगडींना कंटाळला. १ मार्च १८७५ रोजी ग्रँट यांनी रेल्वे, खानावळी, नाटकगृहे सर्वांना खुली करणाऱ्या कायद्यावर सही केली. न्यायालयाने तोही १८८३ साली रद्द केला. आणि १८७५ च्या सप्टेंबरात मिसिसिपीचे गव्हर्नर एडलबर्ट एम्स, तेही युद्धातले एक जनरल, सैन्य पाठवा म्हणून विनवीत होते. ओहायोची निवडणूक तोंडावर होती, पक्षातले लोक सैन्य पाठवू नका म्हणत होते. सैन्य गेले नाही. बंदुकीच्या धाकाने काळ्यांचे बहुमत असलेले राज्य हिसकावले गेले. १८७७ साली पुढचे राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या वेळी उरलेले सैन्यही मागे घेतले गेले. मित्रपक्ष मतांचा हिशेब करू लागला की दुबळ्याचा हक्क पहिल्यांदा विकला जातो.

ग्रँट यांचे इतर दोषही झाकायचे कारण नाही. डिसेंबर १८६२ मध्ये त्यांनी आपल्या लष्करी विभागातून सगळ्या ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला होता. लिंकन यांनी तो रद्द केला आणि त्याची लाज ग्रँट यांना जन्मभर वाटली. मूळनिवासींशी शांततेचे धोरण त्यांनी जाहीर केले, ईली पार्कर यांना त्या खात्याचे प्रमुख केले. पण ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडताच करार मोडून लाकोटांवर युद्ध लादले गेले. दारूवरील कराच्या लुटीत त्यांच्या खासगी सचिवाचे नाव आले, युद्धमंत्री बेलनॅप यांना १८७६ साली लाचेच्या आरोपावरून जावे लागले. ग्रँट यांनी स्वतः पैसे खाल्ले नाहीत, पण माणसे ओळखण्यात ते कच्चे होते. हे सगळे खरे आहे. प्रश्न इतकाच, की त्यानंतरच्या शंभर वर्षांत त्यांच्या चरित्रातले हेच ठळक का छापले गेले आणि क्लॅनला मोडणारा राष्ट्राध्यक्ष तळटिपेत का गेला?

निवृत्तीनंतर ते जगप्रवासाला निघाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गव्हर्नरांच्या मलबार पॉइंटवरील बंगल्यात राहिले, आग्रा, दिल्ली, कलकत्ता पाहून, राजेरजवाड्यांना भेटून गेले. तेव्हा सत्यशोधक समाजाच्या स्थापनेला पाच वर्षे होऊन गेली होती. साम्राज्याच्या पाहुण्याला साम्राज्य जे दाखवते तेच दिसते. १८८४ साली भागीदार फर्डिनंड वॉर्ड याने फसवले आणि ग्रँट कफल्लक झाले. त्याच वर्षी घशाच्या कॅन्सरचे निदान झाले. पत्नी उघड्यावर पडू नये म्हणून त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले. गिळता येत नव्हते, आवाज गेला होता, तरी लिहीत राहिले. पुस्तक पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी त्यांचे निधन झाले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने ते छापले आणि ज्युलिया यांना चार लाखांहून अधिक डॉलर मिळाले. त्या पुस्तकात त्यांनी युद्धाचे कारण गुलामगिरी हेच आहे, असे निःसंदिग्ध लिहून ठेवले.

पण एका पुस्तकाने काय होणार? दुसऱ्या बाजूने कारखाना काढला होता. जुबाल अर्ली या हरलेल्या सेनापतीने उरलेले आयुष्य लेखणी हाती घेऊन घालवले. दक्षिण हरली ती केवळ संख्येने, ली कधी चुकलेच नाहीत, गुलामगिरी हे कारणच नव्हते, हा त्याचा धोशा. दक्षिणेतल्या सरदारघराण्यांतल्या महिलांच्या संघटनांनी गावोगाव पुतळे उभारले आणि शाळांची क्रमिक पुस्तके आपल्याला हवी तशी करून घेतली. विद्यापीठांनी त्यावर विद्वत्तेचा शिक्का मारला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी लिहिले की काळ्यांना मत देणे हीच घोडचूक होती. १९१३ साली डनिंग अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठात बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर दाखल झाले. १९१५ साली क्लॅनचा उदोउदो करणारा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट न्यूयॉर्कच्या थिएटरात गर्दी खेचत होता. १८९७ साली उभारलेली ग्रँट यांची भव्य समाधी कोलंबियापासून चालत दहा मिनिटांवर आहे. समाधी शेजारी आणि त्या माणसाच्या कार्याची माती करणारा इतिहास वर्गात, असा तो काळ होता.

या खोट्या इतिहासाला पहिला दणका दिला तो कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी, १९३५ सालच्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथाने. त्याच डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी केलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. गोऱ्या विद्यापीठांनी डू बॉइस यांचे म्हणणे मानायला आणखी तीस वर्षे घेतली. नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर उतरली, १९६५ चा मताधिकार कायदा झाला, म्हणजे पंधराव्या दुरुस्तीची अंमलबजावणी पंचाण्णव वर्षांनी झाली, तेव्हा कुठे इतिहासही बदलू लागला. अमेरिकन इतिहासतज्ज्ञांच्या एका प्रसिद्ध पाहणीत २००० साली राष्ट्राध्यक्षांमध्ये ग्रँट तेहतिसावे होते, २०२१ साली विसावे झाले. मेलेल्या माणसाने एकवीस वर्षांत नवे काहीच केले नव्हते. बदलले ते मोजणारे. सप्टेंबर २०२१ मध्ये रिचमंड शहरातला ली यांचा प्रचंड पुतळा क्रेनने खाली उतरवला गेला.

ग्रँट यांच्या आयुष्यातून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट, संविधानात हक्क लिहिला म्हणजे लढाई संपली असे नाही. तो लिहिल्यावर शत्रू अधिक चवताळतो आणि त्याला रोखायला सत्ता लागते, जागी आणि इमानी सत्ता. दुसरी गोष्ट, आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसांच्या चुका आपणच मोजाव्यात, शत्रूच्या मापाने नव्हे. भ्रष्टाचार हा शब्द कोणाच्या बाबतीत दबक्या आवाजात आणि कोणाच्या बाबतीत ओरडून उच्चारला जातो, याचा अनुभव आपल्याला कमी नाही. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची. दक्षिणेचे सेनापती हरले, पण त्यांनी लेखणी, शाळा आणि पुतळे हातचे जाऊ दिले नाहीत. म्हणून तलवारीने गेलेले त्यांनी शाईने परत मिळवले, आणि मुक्त झालेल्यांच्या तीन पिढ्या मतपेटीबाहेर उभ्या राहिल्या.

आपल्या मुलांच्या हाती कोणाचा इतिहास जातो, तो कोण लिहितो, कोण छापतो आणि कोण शिकवतो, याकडे ज्या समाजाचे लक्ष नाही त्याचे जिंकलेले युद्धही त्याचे राहत नाही. आपल्या वस्तीतल्या वाचनालयाचे कुलूप काढायला एवढे कारण पुरेसे आहे.